जागल्याची परवानगी

३ ऑगस्ट

प्रिय बारक्या,

पस्तिशी ओलांडलेल्या आणि केस विरळ झालेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझा दादा तुला तेच म्हणायचा आणि माझ्या तोंडात दुसरं नाव बसत नाही. फोन तू उचलत नाहीस. आठ वेळा करून पाहिला, नवव्यांदा करायचा कंटाळा आला. म्हणून पत्र. पत्र निदान वाजत तरी नाही.

मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, वेळेवर ऑफिसला जाते. परवा चहाने जीभ भाजली, तर शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका 'अगंबाई' म्हणाली तेव्हा मला कळलं की भाजली. डॉक्टरीणबाई म्हणतात असं होतं, हळूहळू वाटायला लागेल. मलाही काही घाई नाही.

काम असं आहे. तुझ्या दादाच्या माघारी ऑफिसचं मशीन माझ्या गळ्यात पडलं. मी मीटरच्या नोंदी ठेवणारी कारकून. चार वर्षं त्याच्या शेजारी बसले, एवढीच माझी लायकी. पण पाणीपुरवठ्याच्या त्या आख्ख्या ऑफिसात दुसरं कोणी मशीनला हात लावायला धजत नाही. साहेब म्हणाले, 'तुम्हाला पासवर्ड तरी माहीत आहे.' पासवर्ड माहीत असणं म्हणजे किल्ली खिशात असणं. आत काय आहे ते मला ठाऊक नाही.

आता ३० सप्टेंबरला मशीनवर नवी सिस्टिम चढणार आहे. बाहेरून एक इंजिनियरबाई येणार आहेत. त्यांनी आधीच कळवलंय की जुन्या घडणीचे प्रोग्रॅम नवी सिस्टिम चालवणार नाही, तोंडावर नाही म्हणेल. तेव्हा असे प्रोग्रॅम कोणकोणते आहेत त्यांची यादी तयार ठेवा. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हात झटकले. त्या प्रोग्रॅमांतला एक पाण्यात किती क्लोरीन सोडायचं ते काढतो. तो एक ऑक्टोबरला बंद पडून चालणार नाही.

जुन्या घडणीचा प्रोग्रॅम ओळखायचा कसा? नावांवरून काही पत्ता लागत नाही. तुझ्या दादाने एकाचं नाव कासव ठेवलंय, एकाचं मुंगी. तुझा जागल्याही त्यातच असेल ना? कॉलेजात असताना तू लिहिलेला, टाकीतलं पाणी खाली गेलं की दादाच्या कमरेचा पेजर थरथरवणारा. लोक अजून मला विचारतात, रविवारी दुपारचा तो पंपघराकडे कशाला निघाला होता. मी सांगते, 'जागल्याने हाक मारली, जाऊन येतो' म्हणाला आणि स्कूटर काढली. मग ते मान हलवतात आणि विषय बदलतात. स्कूटर घसरली त्या वळणावरची वाळू अजून कोणी झाडलेली नाही.

यादी कशी करायची तेवढं लिही. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी
वहिनी


११ ऑगस्ट

आदरणीय वहिनी,

पत्र मिळालं. फोनवर बोलणं जमत नाही, क्षमा असावी. लिहिलेलं बरं, शिवाय या कामात एक जागा इकडची तिकडे झाली तरी गोंधळ होतो. आज्ञा वेगळ्या कागदावर टाइप करून सोबत जोडल्या आहेत. तुम्ही जशाच्या तशा टाइप करा.

थोडक्यात समजावतो. या मशीनवर फाइलच्या नावावर जाऊ नका. नाव कोणी काहीही ठेवतं. प्रोग्रॅम कोणत्या घडणीचा आहे हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या चार-सहा खुणांत असतं. त्या वाचून सांगणारी एक आज्ञा आहे. दुसरी आज्ञा आहे शोधणारी, ती सबंध डिस्क खोली-खोलीतून फिरते. दोघींना एकीपुढे एक जोडायचं. पहिली शोधेल, दुसरी खुणा वाचेल, आणि तिसरी त्यांतल्या जुन्या घडणीच्या तेवढ्या ओळी ठेवून बाकीच्या गाळेल.

डिस्कवर लाखो फायली असतील, त्यांत बहुतेक तुमच्या मीटरच्या नोंदी. त्या सगळ्या वाचत बसलं तर दिवस जाईल. म्हणून मी एक अट घातली आहे. ज्या फायलींना चालवायची परवानगी आहे तेवढ्याच बघायच्या. या मशीनवर परवानगी असल्याशिवाय कोणताही प्रोग्रॅम चालत नाही. तेव्हा एवढी चाळण पुरे.

यादी आली की प्रत्येकाचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला मजकूर, शोधायचा. दादाची पद्धत होती, सोर्स तो स्वतःच्या घरातल्या 'मुळं' नावाच्या कप्प्यात ठेवायचा. घर म्हणजे मशीनमधलं. सोर्स असेल तो प्रोग्रॅम नव्या घडणीत पुन्हा बांधता येतो. कसा, तेही कागदावर आहे. क्लोरीनचा पहिला करा.

यादीत जागल्या सापडेल. त्याचा सोर्स शोधू नका. उघडूनही बघू नका. तो पुसून टाका. आता त्याची कोणाला गरज नाही.

तब्येतीस जपा.

आपला


२० ऑगस्ट

बारक्या,

'आदरणीय'? 'क्षमा असावी'? 'आपला'? मला तू तुम्ही कधीपासून म्हणायला लागलास? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ताटातलं उचलून खाणारा मुलगा तूच ना. मी वय वाढवून घेतलेलं नाही, फक्त नवरा गेलाय. पत्र वाचून मला क्षणभर वाटलं साहेबांनीच लिहिलंय.

काम मात्र झालं. तुझा कागद समोर ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. चाळीस मिनिटं मशीन घुमत होतं आणि मग एकदम चव्वेचाळीस ओळी आल्या. मी साहेबांना चव्वेचाळीस सांगून मोकळी झाले आणि नंतर लक्षात आलं की एकच प्रोग्रॅम तीन नावांनी बसलाय, असं दोन ठिकाणी. म्हणजे खरे चाळीस. साहेब म्हणाले, 'चार कुठे गेले?' त्यांना वाटतं मी घरी नेले.

'मुळं' कप्प्यात अडतीस जणांचे सोर्स सापडले. प्रत्येकाच्या डोक्यावर तुझ्या दादाने तारीख टाकलीय आणि एक ओळ लिहिलीय. कासवाच्या डोक्यावर लिहिलंय, 'सावकाश चालतो, चुकत नाही.' उरलेले दोन कोणी वापरतच नव्हतं. क्लोरीनचा तू म्हणालास तसा पहिला बांधला. मशीनने दोन तक्रारी केल्या पण बांधून दिला. जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून आठवडाभराचे आकडे ताडून पाहिले, सगळे जुळले. टंकलेखिकेने मला पेढ्यासारखी एक गोळी दिली, खोकल्याची. आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. पण खुर्चीत जरा सरळ बसले.

फक्त जागल्या नाही. यादी तीनदा वाचली. नाहीच.

आणि तू तो पुसायला का सांगतोस ते मला कळतं. मलाही तुझ्या दादाच्या वस्तू बघवत नाहीत. पण म्हणून मी त्याचे बूट टाकले नाहीत, कपाटाच्या खाली सरकवले. तुझ्या हातचा पहिला प्रोग्रॅम, दादाला किती कौतुक होतं त्याचं. येईल त्याला सांगायचा, 'माझ्या भावाने लिहिलाय, कॉलेजात असताना.' तो सापडला तर मी एका डिस्कवर घालून तुला पाठवीन. पुसून काय होणार आहे?

वहिनी


२९ ऑगस्ट

वहिनी,

नसणं शक्य नाही. दादा गेला त्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, तो चालू होता, म्हणजे मशीनवर होताच.

चूक माझी आहे. मी परवानगीची अट घातली, ती चाळण त्याला लागली असणार. दादा गेल्यावर साहेबांनी किंवा आणखी कोणी त्याची परवानगी काढून त्याला बंद केला असेल. परवानगी काढली तरी फाइल जागेवर असते, आणि घडण तीच राहते. अट काढून टाका आणि पुन्हा शोधा. नवा कागद जोडला आहे. या वेळी सगळा दिवस लागेल, सकाळी लावून द्या.

सापडला की लगेच पुसा. डिस्क पाठवू नका. मला तो नको. त्याच्या आजूबाजूला काही नोंदी असतील तर त्याही वाचू नका, त्याही पुसा. एवढं ऐका.


४ सप्टेंबर

बारक्या,

मी तुझी वहिनी आहे, तुझ्या हाताखालची कारकून नाही. कारण कळल्याशिवाय मी ऑफिसच्या मशीनवरचं काहीही पुसत नाही. चार ओळींत दोनदा 'पुसा' लिहिलंयस आणि खाली नावसुद्धा घातलं नाहीस.

काय आहे त्यात? सांगितलंस तर पुसते. नाही सांगितलंस तर तसाच ठेवते, इंजिनियरबाई आल्या की त्यांच्याकडून उघडून घेते. निवड तुझी.

वहिनी


१२ सप्टेंबर

वहिनी,

सांगतो. आधी सांगायला हवं होतं. फोन उचलत नव्हतो तो याचसाठी. तुझा आवाज ऐकला असता तर सांगून टाकलं असतं.

जागल्यात एक दोष आहे. पंपघरापासून येणारी तार जरा हलली की पाण्याची पातळी क्षणभर शून्य वाचली जाते. शून्य वाचलं की जागल्या हाक मारतो. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी मारतो. मी लिहिताना हा विचारच केला नव्हता. दोनदा वाचून खात्री करायची आणि मगच हाक मारायची, एवढीच दुरुस्ती आहे. चार ओळी. बसलो तर अर्ध्या तासाचं काम.

गेल्या वर्षी मे महिन्यात दादाने फोन केला. म्हणाला, 'बारक्या, तुझा जागल्या खोटंच ओरडतो रे. मी धावत जातो आणि टाकी भरलेली असते.' मी म्हणालो, करून पाठवतो. जूनमध्ये पुन्हा म्हणाला. मी म्हणालो, करतो. जुलैत तो हसून म्हणाला, 'सावकाश कर, मला तेवढाच व्यायाम होतो.' दादाला हात लावू देत नव्हतो मी, माझा प्रोग्रॅम आहे, मीच करणार, ही ऐट. तोही कधी माझ्या लिखाणात हात घालायचा नाही. माझी दुरुस्ती आजतागायत झालेली नाही. नोकरीत काम होतं असं नाही. मी नुसती टाळाटाळ केली.

आणि नोव्हेंबरात तू फोनवर रडत सांगितलंस की त्याचे शेवटचे शब्द काय होते.

टाकी भरलेली होती त्या दिवशी. मी अंत्यविधीला आलो तेव्हा पंपवाल्या काकांना विचारलं. काठोकाठ होती म्हणाले. म्हणजे हाक खोटी होती. मी चार ओळी लिहिल्या असत्या तर दादा त्या रविवारी घरी पेपर वाचत बसला असता. मी दुसरं काही शोधून पाहिलं नाही. शोधायला आहे काय? माझ्या हातून माझा भाऊ गेला.

तुला माहीत नाही, पण मी प्रोग्रॅम लिहायचं काम सोडलं. डिसेंबरातच. आता एका वर्कशॉपमध्ये वजनकाटे दुरुस्त करतो. काटा चुकला की तो समोर दिसतो, दुकानदार लगेच ओरडतो, मी लगेच दुरुस्त करतो. रोज सात-आठ काटे होतात. संध्याकाळी खोलीवर येतो आणि भिंतीकडे बघतो. रडू येत नाही. काहीच येत नाही.

तू जागल्या उघडून घेतलास तर त्यात माझं नाव दिसेल आणि शेजारी नोंदींत त्या दिवशीची हाक दिसेल, वेळेसकट. ती तू बघावीस असं मला वाटत नव्हतं. आता सांगून झालं. पूस किंवा ठेव. तुला जे म्हणायचं ते म्हण, मी वाचीन.

बारक्या


५ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं. राग यायला हवा होता. मी तीन-चार दिवस त्याची वाट पाहिली, पण तो आला नाही. तेव्हा उत्तरही लिहिलं नाही. काय लिहिणार होते? तुझी चूक नाही म्हणायला जीभ रेटेना, आणि आहे म्हणायलाही नाही.

शनिवारी ऑफिसला कोणी नसतं तेव्हा जाऊन नव्या कागदावरची आज्ञा लावली. सकाळी नऊला लावली ती पाचला संपली. जागल्या सापडला. जुन्या घडणीचा, चालवायची परवानगी नाही. तू म्हणालास तसंच. मी तो उघडला नाही आणि पुसलाही नाही. यादीच्या तळाला एक ओळ वाढवली आणि घरी आले.

तीस तारखेला इंजिनियरबाई आल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर. यादी वाचता वाचता त्यांचं बोट तळाच्या ओळीवर थांबलं.

'याची परवानगी कोणी काढली?'

मी म्हणाले, 'नंतर कोणीतरी काढली असेल.'

'नंतर म्हणजे कशाच्या नंतर?' त्यांनी काहीतरी टाइप केलं. 'फाइलला तीन तारखा असतात. त्यांतली एक, परवानगी शेवटची बदलली तेव्हाची. ही बघा. गेल्या वर्षीचा आठ सप्टेंबर.'

बारक्या, नोव्हेंबर नाही. आठ सप्टेंबर. तो गेला त्याच्या बरोबर दहा रविवार आधी.

मी म्हणाले, तारीख चुकली असेल. त्या म्हणाल्या, 'थांबा, मघाशी मला एक भलीमोठी फाइल दिसली होती, तिचा याच्याशीच संबंध असणार.' ती तुझ्या दादाची पत्रपेटी होती, मशीनच्या आतली. सिस्टिम दर पाच मिनिटांनी जागल्याला उठवायला जायची, हे तुला माहीतच आहे, तूच तसं लावलं होतंस. आठ सप्टेंबरपासून ती गेली की जागल्याला परवानगी नाही म्हणून हात हलवत परत यायची, आणि तसं एक पत्र तुझ्या दादाच्या पेटीत टाकायची. दर पाच मिनिटांनी एक. एक लाख अकरा हजार पत्रं साठली होती, सगळ्यांत एकच मजकूर, 'परवानगी नाही'. बाईंनी मला सतरा नोव्हेंबर काढून दाखवला. दुपारी चारचं पत्र, चार पाचचं, चार दहाचं. त्या दिवशी एकही पाच मिनिटं सुटलेली नाहीत. जागल्या त्या दिवशी उठलाच नव्हता. त्याच्या आधी दहा आठवडेही नाही.

तेव्हा तुझं ओझं खाली ठेव. तुझ्या दादाने तुझ्या लिखाणात हात घातला नाही, नुसती परवानगी काढून घेतली, आणि तुला लागेल म्हणून तुला सांगितलं नाही. तुझी दुरुस्ती राहिली ती राहिली, पण त्याने त्याचं काही झालेलं नाही.

इथेच पत्र संपवता आलं असतं. पण मग तू विचारशील की तो गेला कशाला. मीही तेच विचारत होते. दहाही रविवारी चारच्या सुमारास तो म्हणायचा, 'जागल्याने हाक मारली, जाऊन येतो.' मी दोन तारखेला पंपघरावर गेले. काकांनी पंप बंद केला आणि मला स्टूल पुसून दिलं.

तुझ्या दादाला ते साहेब म्हणतात. म्हणाले, 'साहेब यायचे की. दर रविवारी. इथेच बसायचे, याच स्टुलावर. टाकीचं काम नव्हतं. टाकीकडे तुम्हीच डोळा ठेवा म्हणून मला सप्टेंबरातच सांगितलं होतं त्यांनी.'

'मग करायचे काय?'

'काही नाही. पंप चालू असला की इथे बोलायला येत नाही नि ऐकायला येत नाही. बसून राहायचे, सहाला जायचे. मी एकदा पार कानाशी जाऊन विचारलं, साहेब, घरी काही बिनसलंय का. तर म्हणाले, बिनसलं नाही हो, घरी फार शांत असतं.'

काकांना वाटलं मी रडेन. त्यांनी पाण्याचा ग्लास आणला. मी पाणी प्यायले आणि बसने परत आले.

आमचं भांडण नव्हतं, बारक्या. भांडायला दोघांना एका खोलीत बसावं लागतं. दूध आलंय, दिवा बंद कर, उद्या मला उशीर होईल, एवढंच बोलणं उरलं होतं. कधीपासून ते मला सांगता येणार नाही. ऑफिसात शेजारी बसून आम्ही घरच्यापेक्षा जास्त बोलायचो, तेही मीटरबद्दल. रविवार सरता सरायचा नाही. म्हणून जागल्याची हाक आली की मला सुटल्यासारखं व्हायचं. त्याची स्कूटर कोपऱ्यावर वळली की मी रेडिओ लावायचे. मी रविवारच्या चारची वाट बघायला लागले होते, आणि मला वाटायचं बिचाऱ्याला सुट्टीचंही काम पडतं.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. सतरा तारखेला चार वाजले, सव्वाचार झाले. तो पेपर वाचत बसला होता, उठायचं काही लक्षण दिसेना. मी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, 'आज जागल्याची हाक नाही आली वाटतं?' त्याने माझ्याकडे पाहिलं. पेपरची घडी केली, अगदी व्यवस्थित. पेजरकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, 'मारली ना, जागल्याने हाक मारली. जाऊन येतो.'

त्याचे शब्द मी वर्षभर सगळ्यांना सांगत आले. माझे गाळत आले.

तुला हे कळवायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. जागल्या पुसला की संपलं, तू जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिला असतास. आणि तुझं बारा सप्टेंबरचं पत्र वाचून मला काय वाटलं तेही सांगून टाकते. बरं वाटलं. आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे, म्हणून बरं वाटलं. वर्षभरात तेवढंच काय ते वाटलं.

पण तुझ्या प्रोग्रॅमने त्याला बोलावलं नाही. मी पाठवलं.

वहिनी


११ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र वर्कशॉपमध्ये उभ्यानेच वाचलं. इंजिनियरबाईंनी तारीख दाखवली तिथपर्यंत आलो आणि तिथल्याच एका काट्यावर बसलो. मालक म्हणाले, 'उठा, तो गिऱ्हाइकाचा आहे.' मला हलकं वाटत होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. आणि पुढचं सगळं वाचून झाल्यावरही ते गेलं नाही. त्याची मला लाज वाटते आहे, पण ते गेलेलं नाही.

दादावर रागही आला. 'सावकाश कर' म्हणायचा तेव्हा मी समजायचो दादा मनाचा मोठा आहे. त्याला माझी दुरुस्ती नकोच होती. खोट्या हाकेचं निमित्त त्याला हवं होतं. आपल्या दोघांनाही त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मेलेल्या माणसावर चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. कालपासून येतंय.

तुझी चूक नाही असं लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. मला तसं कोणी लिहिलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता, मग तू का ठेवशील? तू एक वाक्य बोललीस, जसं कोणीही बोलतं. तो घरी बसायचं ठरवून बसला होता की नुसता उशीर करत होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मशीनसुद्धा नाही.

तू न सांगता राहू शकली असतीस. माझ्याकडे होतं ते माझ्याकडेच राहिलं असतं. ते तू उचलून तुझ्याकडे नेलंस. परत घ्यायची माझी तयारी नाही, खोटं कशाला लिहू. पण तू ते घेऊन त्या घरात एकटीने बसावंस, असंही मला वाटत नाही.

मालकांकडून रजा घेतली आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतो. किती दिवस ते ठरवलेलं नाही. आपल्यात काही बोलणं होईल असं मी धरून चाललेलो नाही. नाही झालं, तर मी उठून कुठे जाणार नाही.

बारक्या